डेलियाला प्लास्टर

वारा दुपारी सव्वातीनला सुटला आणि साडेतीनला थांबला. एवढ्या पंधरा मिनिटांत प्लास्टरमास्तरांच्या अकरा डेलियांपैकी नऊ आडव्या झाल्या, आणि मास्तरांचा पारा जो चढला तो पुढचे पाच आठवडे उतरला नाही. वाऱ्यावर रागावून काय उपयोग, असं शहाणी माणसं म्हणतात. अशा माणसांच्या दारात बहुतेक फरशी असते. ज्यानं चार महिने कंद जपलेत, कोंब खुडलेत, रोज सकाळी गोगलगायी वेचून टाकल्यात, त्यानं रागवायचं नाही तर कुणी रागवायचं?

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. एकतीस वर्षं ते मोठ्या इस्पितळात मोडक्या हातापायांना प्लास्टर घालत होते. डॉक्टर हाड बसवून हात धुवायला निघून जायचे, पुढचं सगळं मास्तरांचं. त्यांचे दोन नियम होते. घातलेल्या प्लास्टरवर जांभळ्या पेन्सिलीनं उघडायची तारीख लिहायची, आणि त्या तारखेच्या आधी प्रत्यक्ष डॉक्टर आले तरी ते उघडायचं नाही. पेशंट हाडापेक्षा त्यांनाच जास्त घाबरायचे. एका फौजदारानं खाज सुटली म्हणून प्लास्टरात विणकामाची सुई घातली होती, तर मास्तरांनी त्याला असा झापला की पाय मोडलेला असूनही तो उठून उभा राहिला. ते निवृत्त झाले तेव्हा वॉर्डातल्या लोकांनी गंमत म्हणून त्यांना प्लास्टरच्या पट्ट्यांचा भलामोठा खोका भेट दिला. मास्तरांना त्यात काही गंमत दिसली नाही. कामाची वस्तू म्हणून त्यांनी तो माळ्यावर नीट ठेवून दिला.

तर वारा थांबल्यावर मास्तर बाहेर आले. पाकळ्यांचा सडा पडलेला, काठ्या उपटलेल्या, आणि वाफ्याच्या बरोबर मध्ये एक हिरवा फायबरचा पत्रा ऐसपैस पसरलेला. हा पत्रा कुणाचा, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. शेजारचे घड्याळजी मागच्या पडवीत बसून लोकांची घड्याळं दुरुस्त करायचे आणि त्या पडवीवर अस्साच हिरवा पत्रा होता. त्याला हुक मारा, वाऱ्यानं उडेल, असं मास्तरांनी त्यांना वर्षभरात चार वेळा बजावलं होतं. घड्याळजी चारही वेळा "मारतो" म्हणाले होते. हा माणूस एका मनगटी घड्याळाला दोन-दोन महिने घ्यायचा, त्याच्या "मारतो"चा काय अर्थ घ्यायचा ते आपणच ठरवावं.

मास्तरांनी पत्रा उचलला. खाली ताईची डेलिया होती. मुळासकट उपटलेली, दांडे मोडून लोंबकळत असलेली.

या झाडाचं थोडं सांगायला हवं. ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, वय ऐंशी, आणि सबंध जगात मास्तर घाबरत असतील तर एकट्या तिला. घराण्याचा राग दोघांत वाटला गेला तेव्हा मोठा वाटा ताईनं घेतला होता. ही काळपट तांबडी डेलिया त्यांच्या आईची. आईनंतर ताईनं ती चाळीस वर्षं सांभाळली, आणि डोळे अधू झाल्यावर कंद भावाच्या हाती दिले. देताना म्हणाली होती, "बाळ्या, तुझ्या रागापायी हे मेलं तर मला तोंड दाखवू नकोस." आता तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. आदल्याच दिवशी तिचा फोन आला होता की पाच आठवड्यांनी रविवारी ती येणार, आणि नव्या डोळ्यांनी आधी आईचं फूल बघणार, मग बाकीचं जग.

ती डेलिया हातात लोंबत असताना कंपाउंडच्या भिंतीपलीकडे घड्याळजी दिसले. कमरेएवढी भिंत, डोळ्याला अजून भिंग लावलेलं, आणि चेहऱ्यावर काळजी. काळजी बघून मास्तर आणखी भडकले.

"अरेरे," घड्याळजी म्हणाले. "अहो, पण पत्रा..."

"पत्रा गेला खड्ड्यात," मास्तर म्हणाले. "चार वेळा सांगितलं तुम्हाला. चार वेळा. तुमच्या आळसानं माझी सगळी बाग मारली."

"ते बरोबर, पण हा पत्रा..."

"पाहिजे ना तुम्हाला पत्रा? हा घ्या." मास्तरांनी पत्रा भिंतीवरून पलीकडे फेकला. तो धाडकन आपटला आणि त्या आवाजानं त्यांना आणखी जोर आला. "आणि हेही घ्या. तुमच्या कर्तबगारीचं बक्षीस." असं म्हणून त्यांनी ताईची डेलिया, माती आणि मुळांसकट, पत्र्यामागोमाग भिरकावली.

घराकडे वळल्यावर तिसऱ्या पावलाला त्यांच्या लक्षात आलं, आपण काय फेकलं. परत जाऊन मागायचं? छे. रागाच्या भरात फेकलेली वस्तू राग उतरायच्या आत परत मागता येत नाही, आणि मास्तरांचा राग उतरायचं नावच घेत नव्हता. ते तसेच घरात गेले आणि माळ्यावरचा खोका काढायला स्टूल लावलं.

एक गोष्ट मान्य करायला हवी, हात त्यांचा तयार होता. उरलेल्या आठ मोडक्या झाडांचा त्यांनी वॉर्डच मांडला. मोडलेला दांडा सरळ करायचा, दोन्ही बाजूंनी बांबूच्या कामट्या लावायच्या, पट्टी पाण्यात बुडवून हलकी पिळायची आणि खालून वर गुंडाळत न्यायची. काकू, म्हणजे त्यांची बायको, बादली धरून उभ्या होत्या. वन्संचं झाड कुठलं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मास्तरांनी तिसऱ्या झाडाकडे बोट दाखवलं. ते विटकरी रंगाचं होतं. तेच ताईचं म्हणून खपवायचं, असा बेत त्यांच्या डोक्यात एव्हाना शिजला होता. काकूंनी त्या झाडाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि बादली पुढे केली.

हात चालू होते तसं तोंडही चालू होतं, आणि तोंड भिंतीच्या दिशेला होतं. काही माणसांना शेजारी म्हणून राहायची लायकी नसते. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला स्वतःला वेळेवर एक काम जमत नाही. हे सगळं पलीकडे ऐकू जाईल अशा बेतानं चाललं होतं. मध्येच काकूंनी काहीतरी विचारलं. मास्तरांनी "बादली सरळ धर" असं सांगितलं आणि घड्याळजींच्या आळसाकडे परत वळले.

आठवं प्लास्टर झाल्यावर त्यांनी एकेकावर तळवा ठेवून पाहिला. प्लास्टर आळताना तापतं. पेशंटला ते नेहमी सांगायचे, तसंच सवयीनं झाडालाही सांगून गेले, "गरम लागेल. घाबरायचं नाही." मग जांभळ्या पेन्सिलीनं आठही ठिकाणी तारीख घातली. तीन आठवड्यांनंतरची.

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळजी पत्रा काखेत घेऊन फाटकाशी आले. "अहो, पण हा पत्रा," एवढं ते म्हणाले आणि मास्तरांनी फाटक लावून घेतलं. चार दिवसांनी वाण्याच्या दुकानात दोघं समोरासमोर आले. घड्याळजींनी पुन्हा पत्र्याचा विषय काढला, तेव्हा मास्तर साबण तिथेच टाकून निघून आले आणि घरी येऊन साबण नाही म्हणून काकूंवर रागावले. तो माणूस आता डोळ्यासमोरही नको, असं ठरवून त्यांनी भिंतीच्या कडेनं बांबू रोवले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तरट बांधून टाकलं. वारा अडेल आणि शेजारीही अडेल. त्या दिवसापासून मास्तरांनी त्या दिशेला मान वळवली नाही. अशा बाबतीत ते शब्दाचे पक्के होते.

झाडांनी मात्र मान टाकली. पाचव्या दिवशी पानं लोंबली, आठव्या दिवशी पिवळी पडली. काकू म्हणाल्या, एखादं उघडून बघा तरी. मास्तर म्हणाले, तारखेच्या आधी उघडायचं नाही. पेशंटची बोटं सुजलेली दिसली की नातेवाईक असंच घाबरतात, त्यात काही नवीन नाही. बाराव्या दिवसापर्यंत फाटकाशी माणसं थांबायला लागली. आठ पांढऱ्या खांबांवर आठ वाळक्या काटक्या आणि प्रत्येकावर तारीख. पोस्टमननं टोपी काढली आणि हळू आवाजात विचारलं, घरातलं कुणी होतं का. मास्तरांनी त्याला असं काही सुनावलं की पुढं आठवडाभर तो पत्रं भिंतीवरूनच टाकत होता.

भरीत भर म्हणून घरात पाण्याची कटकट सुरू झाली. दुपारच्या वेळी नळाला गरम पाणी यायला लागलं. नुसतं कोमट नव्हे, हात भाजेल असं. मास्तरांनी पाणी खात्याला फोन लावला आणि असलं पाणी सोडताना लाज कशी वाटत नाही, असं विचारलं. तिथला कारकून शांत माणूस होता. तो म्हणाला, साहेब, थंडगार पाणी येतं म्हणून तक्रार करणारे रोज भेटतात, गरम येतं म्हणणारे तुम्ही पहिलेच. मास्तरांनी त्याचं नाव विचारलं, त्याच्या वरच्याचं नाव विचारलं आणि दर दोन दिवसांनी फोन करायचा नेम धरला. त्यातही त्यांचा बराच राग खर्ची पडत होता.

एकविसाव्या दिवशी सकाळी मास्तरांनी प्लास्टर कापायची जुनी कात्री काढली, चष्मा पुसला आणि पहिल्या झाडासमोर पाट टाकून बसले. काकू मागे उभ्या राहिल्या. कात्री खालपासून वरपर्यंत चालवून त्यांनी प्लास्टर शेंगेसारखं उलगडलं. आतला दांडा शिजलेला होता. अगदी उकडलेल्या घेवड्यासारखा, बोट लावलं तसा गळून पडला. दुसरा तसाच. तिसरा, तो ताईचा म्हणून ठरवलेला, तोही तसाच. मास्तरांनी गळलेला दांडा बोटांत चुरून पाहिला. मग अगदी हळू म्हणाले,

"कापूस."

हाताला प्लास्टर घालायच्या आधी कापसाचा जाड थर घालतात. नाहीतर आळताना चटका बसतो. एकतीस वर्षांत हजारो हात झाले, पाय झाले, एकदाही कापूस विसरला नव्हता. आणि इथं आठही झाडांना विसरला होता, कारण कापूस घालायच्या वेळी ते भिंतीच्या दिशेनं शेजारधर्मावर बोलत होते.

"मी म्हटलं होतं," काकू म्हणाल्या. "कापूस नको का, म्हणून विचारलं होतं."

हे त्यांना माहीत असणारच होतं. लग्नाच्या आधी काकूंचं मनगट मोडलं होतं आणि मास्तरांनीच त्यांना प्लास्टर घातलं होतं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं आणि तीन महिन्यांनी लग्न झालं. कापसाचं महत्त्व त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"मग मोठ्यानं का नाही म्हटलंस?" मास्तर ओरडले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "आणि हे वन्संचं झाड नव्हेच," त्या म्हणाल्या. "त्यांचं तुम्ही पलीकडे फेकलंत. मी खिडकीत होते. जाऊन विचारा घड्याळजींना, कंद ठेवलेत का म्हणून."

मास्तर म्हणाले, जीव गेला तरी त्या माणसाच्या दारात जाणार नाही. आणि ते गेलेही नाहीत. त्याऐवजी दोन आठवडे ते रोपवाटिका पालथ्या घालत फिरले. काळपट तांबडी डेलिया, फुलावर आलेली, एवढंच हवं होतं. कुणाकडे पिवळी होती, कुणाकडे जांभळी. एका रोपवाटिकेच्या मालकानं त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि प्लास्टिकची दाखवली. हुबेहूब आहे, पाणीसुद्धा घालावं लागत नाही, असं तो म्हणाला. त्या दुकानात मास्तर काय बोलले ते इथं देण्यासारखं नाही. तरी रात्री जेवताना त्यांनी काकूंना विचारलंच, ऑपरेशननंतर माणसाला नेमकं किती दिसतं. काकू म्हणाल्या, वन्संनी काल फोनवर सांगितलं की समोरच्या इमारतीतल्या बाईच्या बांगड्या मोजता येतात. त्यावर मास्तरांची जेवणावरची इच्छा गेली.

खरं सांगायचं तर आता राग कमी आणि भीती जास्त होती, पण मास्तरांना दोन्हीतला फरक कधी कळला नव्हता. दोन्ही वेळा ते ओरडायचेच. आईचं झाड आपल्या हातानं गेलं. ताई येणार, विचारणार, आणि एकदा का ती म्हणाली की तोंड दाखवू नकोस, तर ती ते पाळणार. तीही शब्दाची पक्की होती. ऐंशी वर्षांची बहीण रुसली तर समजूत घालायला किती वर्षं हातात उरतात, हा हिशेब त्यांनी मनात एकदा केला आणि पुन्हा केला नाही.

शनिवारी काकूंनी प्लंबरला बोलावलं. वन्संना भाजणाऱ्या पाण्यानं आंघोळ करायला लावायची का, असा त्यांचा सवाल होता. प्लंबर गच्चीवर गेला आणि दोन मिनिटांत खाली आला.

"टाकीवरचा पत्रा कुठाय?" त्यानं विचारलं.

"कसला पत्रा?" मास्तर म्हणाले.

"टाकीवर सावलीला सांगाडा आहे ना, त्याच्यावरचा. तो उडालाय वाटतं. टाकी उन्हात तापते, मग पाणी गरम येणारच."

गुडघे दुखतात म्हणून मास्तर दोन वर्षांत गच्चीवर चढले नव्हते. आता ते चढले. टाकीवर लोखंडी सांगाडा उघडा उभा होता. मग त्यांना सगळं आठवलं. दोन हिरवे पत्रे, एकाच दुकानातले, एकाच हातगाडीवरून आणलेले. एक घड्याळजींच्या पडवीसाठी, एक आपल्या टाकीसाठी. सांगाड्याला हुकांसाठी चार भोकं होती आणि चारही रिकामी होती. हुक नंतर मारू, असं आपण म्हणालो होतो, हेही आठवलं. गच्चीच्या कठड्यावरून पलीकडे घड्याळजींची पडवी स्वच्छ दिसत होती. तिच्यावर हिरवा पत्रा होता. जागच्या जागी.

मास्तर खाली आले आणि प्लंबरला म्हणाले, "तुला वर चढायला कुणी सांगितलं होतं?"

संध्याकाळी काकूंनी त्यांना चप्पल काढून दिली. मास्तर फाटकापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, ते झोपले असतील. तेव्हा सहा वाजले होते.

रविवारी दहा वाजता ताई टॅक्सीतून उतरली. डोळ्यांना काळा चष्मा होता, तो तिनं उंबऱ्यातच काढला. मास्तर म्हणाले, उन्हात काढू नकोस. ताई म्हणाली, मला शिकवू नकोस. मग ती नव्या डोळ्यांनी घर बघत सुटली. पंख्यावरची धूळ, कोपऱ्यातलं जाळं, मास्तरांच्या कानावरचे केस, काही म्हणून तिच्या नजरेतून सुटेना. काकूंना ती म्हणाली, अगं, तू तर अजून छान दिसतेस, या माणसाच्या संसारात कसं काय जमवलंस. मास्तर मुकाट्यानं चहा पीत होते. उजेडाचा त्रास होतो, जेवल्यावर बघू, संध्याकाळी बघू, असं त्यांनी तीन वेळा सुचवून पाहिलं. चौथ्या वेळी ताई उठली आणि काठी टेकत थेट बागेत गेली.

बागेत दोन पांढऱ्या डेलिया धड होत्या. बाकी पाच प्लास्टरचे खांब, कारण तिसऱ्याच्या पुढची उघडायची मास्तरांना हिंमत झाली नव्हती. ताई पहिल्या खांबाशी वाकली आणि चष्म्याशिवाय तारीख वाचली.

"कुणाला पुरलंयस?" तिनं विचारलं.

मास्तरांनी वाऱ्याचं सांगितलं. प्लास्टरचं अर्धंमुर्धं सांगितलं. कापसाचं सांगितलं नाही.

"आणि आईचं झाड?"

उत्तर तयार होतं. रोग पडला, कंद कुजले, आठवडाभर पाठ केलं होतं. मास्तरांनी तोंड उघडलं. "ताई, त्याचं काय झालं..." आणि नेमका तेवढ्यात वारा आला. मोठा नव्हता, साधाच, कपडे वाळत घालताना येतो तसला. पण तरटाचं टोक मास्तरांनी सुतळीनं बांधलं होतं आणि रागात बांधलेली गाठ ती किती टिकणार. एक टोक सुटलं, तरट फडफडलं आणि अख्खंच्या अख्खं खाली बसलं.

भिंतीपलीकडे ताईची डेलिया उभी होती. एक दांडा छाटलेला, दोन जगलेले, आणि दोन्हींवर मिळून पाच फुलं, काळपट तांबडी, ताटलीएवढी. दांडे बांबूला बांधले होते ते घड्याळांच्या जुन्या कातडी पट्ट्यांनी, बकलासकट. शेजारी स्टुलावर घड्याळजी बसले होते, डोळ्याला भिंग, हातात बारीक चिमटा, आणि पानांवरचा मावा एकेक करून टिपत होते. मागे भिंतीला टेकवून हिरवा पत्रा ठेवला होता, धुऊन पुसून.

ताई भिंतीपाशी गेली. पाचही फुलं तिनं बोटानं मोजली. मग वळली तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मास्तर हादरले.

"तू शेजाऱ्याला दिलंस?" ती म्हणाली. "आईचं झाड? तुझ्याकडं जगेना म्हणून जगेल तिथं दिलंस? बाळ्या, चौसष्ट वर्षांत तू आपणहून कुणाला काही दिलेलं मी पाहिलं नव्हतं. बरं झालं डोळ्यांनी दिसायला लागलं ते."

मास्तरांनी नुसतं "हो" म्हटलं असतं तरी सुटका होती. घड्याळजींनी भिंग कपाळावर सरकवलं आणि मास्तरांकडे पाहिलं.

"दिलं ना," ते ताईंना म्हणाले. "वर पत्राही दिला."

मास्तरांचे कान लाल झाले. हा माणूस आपल्याला सांभाळून घेतोय. पाच आठवडे शिव्या खाल्ल्या, आणि वर सांभाळून घेतोय. हे सहन होण्यासारखं नव्हतं.

"खोटं आहे!" ते गरजले. "दिलं-बिलं काही नाही. मी फेकलं ते झाड. रागानं फेकलं. आणि पत्रा माझा होता, माझ्या टाकीवरचा, त्याला हुक मी मारले नव्हते. चूक माझी होती, ऐकलंत का? माझी!" फाटकाशी दोन माणसं थांबली. इतक्या चढ्या आवाजात कबुली दिलेली त्यांनी कधी ऐकली नसावी. "आणि तुम्ही? पाच आठवडे तोंड शिवून बसलात. सांगता येत नव्हतं?"

"तीनदा सांगायला आलो," घड्याळजी म्हणाले. "तुम्ही पत्र्याच्या पुढं जाऊच दिलं नाही."

"मग चौथ्यांदा यायचं!"

यानंतर ताई जे बोलली ते सव्वा तास चाललं. त्यात मास्तरांच्या लहानपणी फोडलेल्या बरणीपासून सगळं आलं. मास्तर मान खाली घालून ऐकत होते, आणि काकू आत जाऊन ताईला पाणी आणून देत होत्या, म्हणजे तिचा घसा बसू नये. शेवटी ताईनं निकाल दिला. तोंड दाखवू नकोस, असं ती म्हणाली नाही, खरं बोललास म्हणून. पण झाड आहे तिथंच राहील, ज्यानं जगवलं त्याच्याकडं. आणि पाणी मात्र रोज जाऊन बाळ्यानं घालायचं.

"निदान कंद तरी कधी मिळतील?" मास्तरांनी घड्याळजींना विचारलं.

घड्याळजींनी बांबूकडे बोट दाखवलं. तिथं पुठ्ठ्याचा तुकडा लटकवला होता आणि त्यावर जांभळ्या पेन्सिलीनं तारीख लिहिली होती. चार महिन्यांनंतरची.

"झाड वाळल्यावर काढायचे असतात," ते म्हणाले. "माझा हात मोडला होता तेव्हा तुम्हीच सांगितलं होतं. तारखेच्या आधी उघडायचं नाही."

त्याच दुपारी मास्तरांनी आपला पत्रा गच्चीवर नेऊन त्याला चार हुक मारले, आणि मग शिडी घेऊन घड्याळजींच्या पडवीवरच्या पत्र्यालाही मारले. घड्याळजी म्हणत होते, मी मारतो. पण त्यावर विसंबून राहायला मास्तर काही वेडे नव्हते.

आता मास्तर रोज सकाळी झारी घेऊन पलीकडे जातात. रविवारी दांड्यावरच्या पट्ट्या एकेक भोक सैल करायच्या असतात, त्या दिवशी हमखास भांडण होतं. मास्तर म्हणतात, घट्ट आहे, दांडा काचेल, एकतीस वर्षं मी हेच केलंय. घड्याळजी "अहो, पण..." असं सुरू करतात. मग मास्तर तोंड मिटतात, मनातल्या मनात दहापर्यंत मोजतात आणि चिडूनच म्हणतात, "बोला."